येस येस, व्हेरी स्वीट!

मे महिन्यातली गोष्ट. आमचं पाली म्हणजे महामार्गावरचं गाव. गोव्याकडे जाणारी गाडी असो की कोल्हापूरकडे वळणारी, ती आमच्या गावातूनच जायची. म्हणून सीझनला मी पडवीबाहेर एक टेबल मांडते. कोकम आगळ, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, घरचे पापड. फार काही मोठा व्यवसाय नाही. पण पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने हातात चार पैसे खेळतात.

एक मोठी गाडी थांबली. साठीच्या आसपासच्या बाई उतरल्या. बहुतेक बेंगळुरूकडच्या असाव्यात. अमृत कोकमची बाटली उचलून त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्या अख्ख्या वाक्यातला मला एकच शब्द कळला, ‘स्वीट’. मग काय! मी उत्साहाने मान डोलावली आणि म्हटलं, ‘‘येस येस, व्हेरी स्वीट!’’

बाई बाटली ठेवून निघाल्या. तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, ‘‘मॅडम को शुगर है. बिना शक्कर का चाहिए.’’ म्हणजे बाई विचारत होत्या, ‘हे अनस्वीटन्ड आहे का?’ आणि मी त्यांना छातीठोकपणे सांगत होते, खूप गोड आहे म्हणून! आता तुम्हाला माहीतच आहे, आगळात साखर नसते, नुसतं मीठ असतं. मी लगेच आगळाची बाटली पुढे केली. बाईंनी दोन घेतल्या, हसून नमस्कार केला आणि गेल्या.

नशीब, त्या बाईंना ‘व्हेरी स्वीट’ तरी कळलं. त्यांनी प्रश्न जरा वेगळा विचारला असता आणि मी तसंच ‘येस येस’ म्हणून साखरेची बाटली त्यांच्या गळ्यात मारली असती तर? मला न कळल्याची लाज नाही वाटली, मैत्रिणींनो. लाज वाटली ती न कळूनही ‘येस’ म्हटल्याची. आपण बायका हे किती ठिकाणी करतो! बँकेत साहेब काहीतरी बोलतो, आपण मान हलवून सही करतो. दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत सांगतात, आपण ‘हो हो’ म्हणून बाहेर येतो आणि मग केमिस्टला विचारतो, ‘हे जेवणाआधी की नंतर?’

तेव्हाच ठरवलं, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावायचा.

पावसाळा संपल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी आणि मी, दोघींनी रत्नागिरीत एका क्लासला नावं घातली. तीन महिन्यांचा कोर्स, फी आगाऊ, परत मिळणार नाही. आठवड्यातून तीन दिवस जेवणं आटपून एस.टी. धरायची, हातखंब्याला गाडी अडकली की जीव वरखाली आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. घरचे म्हणाले, ‘‘या वयात?’’ आम्ही म्हटलं, ‘‘या वयात!’’

पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर प्लॅस्टिकची एक बरणी ठेवली. नियम असा, की क्लासमध्ये जो मराठी शब्द बोलेल त्याने बरणीत पाच रुपये टाकायचे. शेवटच्या दिवशी त्या पैशांचे वडापाव. सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की वर्ग अगदी चिडीचूप झालाय. इंग्रजी येत नाही आणि मराठी बोलायचं नाही, मग माणूस करणार काय? गप्प बसणार. शिकायला आलो होतो बोलायला आणि फुकट मिळालं मौनव्रत! ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच मराठीच्या एका शब्दाला क्लासात पाच रुपये दंड!

सर बिचारे वाईट नव्हते. पंचविशीतला मुलगा. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, ‘‘मराठीत विचार करू नका, इंग्लिशमध्ये विचार करा.’’ अहो, माझा विचार मराठीतच येतो. त्याला काय उंबऱ्याबाहेर उभं करू? पन्नास वर्षं ज्या भाषेत मी दुधाचा हिशेब केला, पोरांना दटावलं आणि देवाशी भांडले, ती सरांनी सांगितल्यावर डोक्यातून कशी काढायची?

आणि शिकवलं काय? बारा काळ, पॅसिव्ह व्हॉइस, झेरॉक्सच्या नोट्स. ‘प्राणिसंग्रहालये बंद करावीत का’ यावर गटचर्चा. मला हवं होतं एवढंच, की ‘यात साखर नाही’, ‘एका बाटलीत तीस ग्लास सरबत होतं’, ‘कुरियरने पाठवते, पैसे आधी द्या’. ही वाक्यं तीन महिन्यांत एकदाही आली नाहीत. पॅसिव्ह व्हॉइस मात्र मला आमच्या वेळी शाळेतच शिकवला होता. पाचवीपासून इंग्रजी होतं आम्हाला. ‘रामाने आंबा खाल्ला’चं ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ झोपेतसुद्धा करून देईन. पण आंबा विकायचा कसा, ते इंग्रजीत कुणी शिकवलंच नाही.

बरं, हे फक्त आमच्या पिढीचं म्हणावं तर तसंही नाही. महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली. आमच्या क्लासमध्ये त्यातल्या तीन सुना होत्या! दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून, पास होऊन, पुन्हा पैसे भरून ‘माय नेम इज’पासून सुरुवात. मग चूक शिकणाऱ्याची की शिकवण्याची? वर्षानुवर्षं आपण भाषेचा पेपर सोडवला. भाषा बोललोच नाही.

आता सिनेमाकडे येते. क्लास चालू असतानाच एका रविवारी टीव्हीवर ‘इंग्लिश विंग्लिश’ लागला होता. २०१२ साली आला तेव्हा मी तो पाहून ढसाढसा रडले होते. या वेळी वही-पेन घेतल्यासारखी बसून पाहिला. गौरी शिंदे मूळच्या पुण्याच्या आणि त्यांच्या आईचा लोणच्यांचा व्यवसाय होता, आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. लहानपणी आपल्याला आईची लाज वाटायची, त्यातूनच हा सिनेमा सुचला, असं त्यांनी मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय. म्हणूनच त्यातली मुलगी जेव्हा आईला शाळेत न्यायला कचरते, तेव्हा काळजात लागतं. ते कुणीतरी भोगलेलं आहे, हे कळतं.

पण या वेळी मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, शशी गोडबोले. पुण्यातली गोडबोले! आणि घरात सगळे हिंदी बोलतात. सिनेमाच्या शेवटी विमानात ती एअर होस्टेसला इंग्रजीत विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का? थेटरात त्या वेळी टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या. आता मनात आलं, गोडबोले वहिनी, तुम्ही घरी कुठला पेपर वाचता हो? मातृभाषेचा मान सांगणाऱ्या सिनेमातसुद्धा आपली मातृभाषा बदलून ठेवलेली!

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शशी चार आठवड्यांत इंग्रजी शिकते, ते आपल्याला खोटं वाटतं. मलाही वाटायचं. पण नीट बघा. तिच्या वर्गात कोण आहे? फ्रेंच आचारी, पाकिस्तानी टॅक्सीवाला, मेक्सिकन दाई, एक तमिळ इंजिनीअर. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. लाडू कसे झाले हे सांगायचं तर इंग्रजीशिवाय इलाज नाही. आणि वर्गाबाहेर पडलं, की कॉफीसुद्धा इंग्रजीतच मागायची. आमच्या वर्गात मात्र अठराच्या अठरा माणसं मराठी. मी वहिनींना ‘हाऊ आर यू’ विचारायचं, त्यांनी ‘आय ॲम फाइन’ म्हणायचं. अहो, सकाळीच त्यांची पाठ दुखतेय म्हणून मी त्यांना तेल दिलेलं! गरज नसताना बोललेली भाषा म्हणजे भातुकलीतला भात. ताटलीत वाढलेला दिसतो, पोट भरत नाही.

आणि श्रीदेवीचं म्हणाल, तर तिचीच गोष्ट या सिनेमाहून मोठी आहे. तमिळनाडूत जन्मलेली मुलगी. हिंदीत आली तेव्हा तिला ती भाषा येत नव्हती. सुरुवातीच्या कितीतरी हिंदी सिनेमांत पडद्यावर ती दिसते, पण आवाज दुसरीचाच. १९८९ च्या ‘चांदनी’त तिने पहिल्यांदा स्वतःचा आवाज दिला. दहा वर्षं हिंदी सिनेमात काढल्यावर! तोपर्यंत ती थांबून राहिली नाही, काम करत राहिली. २०१८ मध्ये ती गेली तेव्हा आपण तिच्या डोळ्यांविषयी, नाचाविषयी बोललो. तिच्या या शिकण्याविषयी कुणी बोललं नाही.

‘हिंदी मीडियम’ (२०१७) मात्र मला पुन्हा पाहूनही तितकाच पटला. इरफानचा कापडदुकानदार पैशाने चांगला खमक्या, पण मुलीच्या शाळेच्या मुलाखतीपुढे नवरा-बायको दोघांची गाळण. गरिबांसाठी ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळवायला ते खोटंखोटं गरीब होतात आणि खऱ्या गरिबाच्या मुलाची जागा जाते. शेवट थोडा सिनेमासारखा झालाय, भाषण ठोकून. पण त्यातली बायको, जी सारखी म्हणते की इंग्रजी आलं नाही तर मुलगी मागे पडेल, तिच्या तोंडून मला आपल्या गावातल्या कितीतरी आया बोलताना ऐकू आल्या. हसावं की रडावं कळत नाही, अशा त्या आया आहेत. त्यातली एक मीही होते.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला ‘दशावतार’! तो आम्ही चौघीजणी रत्नागिरीला जाऊन पाहून आलो. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री डोळ्यांपुढून हलत नाही. मालवणी बोलणारा म्हातारा दशावतारी पडद्यावर उभा राहतो आणि मुंबई-पुण्याची माणसं गप्प बसून ऐकतात, याचाच आनंद किती! मात्र एक तक्रार आहे, ती या एका सिनेमाबद्दल नाही, सगळ्यांबद्दल आहे. सिनेमा-नाटकवाल्यांना कोकणी माणूस म्हटला की मालवणीच आठवते. ‘खंय’ आणि ‘हंय’ घातलं की झालं कोकण. ‘दशावतार’ सिंधुदुर्गातला, तिथे मालवणी शोभतेच. पण आमच्या रत्नागिरीकडे संगमेश्वरी बोली आहे, तिचा ठसका वेगळा. स्टेजवर ती आली, लोकांनी डोक्यावर घेतली. मोठ्या पडद्यावर कधी येणार?

हे का सांगतेय, तर क्लासमध्ये एक मुलगी होती. आतल्या एका वाडीवरून यायची. नर्सिंगला जायचं म्हणून तिला इंग्रजी पाहिजे होतं. हुशार, वही मोत्यासारखी. पण बोलायला उभी राहिली की तिच्या इंग्रजीत तिच्या बोलीचा हेल यायचा. एकदा सरांनी तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सगळा वर्ग हसला.

मीही हसले.

तेव्हा मला काही वाटलं नाही. सगळे हसत होते. पुढच्या दिवशी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फी तर परत मिळत नव्हतीच. मला रात्री झोपताना ती आठवायला लागली. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात शशीला अपमान गिळून पळत बाहेर यावं लागतं, त्या सीनला मी डोळे पुसते आणि माझ्यासमोर, माझ्याच जिल्ह्यातली पोर तशीच बाहेर जाते तेव्हा मी हसणाऱ्यांत असते!

रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० चं. त्या इंग्रजी शिकायला लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले, ते त्यात वाचायला मिळतं. तेव्हा बाईला इंग्रजी आलं म्हणून हसायचे. आज येत नाही म्हणून हसतात. शंभर वर्षांत हसायचं कारण बदललं. हसणाऱ्या आपणच राहिलो.

मोठ्यांचं राहू दे, पोरांचा तर आणखी वेगळा ताप. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली. गदारोळ झाला, जूनअखेर निर्णय मागे घेतला. भाषणं सगळ्यांनी केली. पण संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतं कोण? ती आई. तिला कुणी विचारलं का, की बाई गो, तुझ्या पहिलीतल्या पोराला आधी मराठीतली बाराखडी तरी नीट वाचता येऊ दे की नको? हिंदीशी माझं भांडण नाही. मी हिंदी सिनेमे बघूनच हिंदी शिकले, कुणी शिकवलं नाही, कुणी दंड घेतला नाही. म्हणून तर ती आली!

आमच्या रत्नागिरीतलंच उदाहरण देते. ब्रह्मदेशाचा थिबा राजा. इंग्रजांनी त्याला राज्यावरून काढलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा बघायला आपण पाहुण्यांना नेतो. पण त्याची नात टुटू? थोरल्या राजकन्येची मुलगी. तिचा बाप गोपाळ सावंत राजवाड्यावरचा दरवान. ती रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, म्हातारी झाली. राजाची नात, पण आपल्या-तुपल्यासारखी मराठी बोलायची. तिला कुणी क्लास लावला नव्हता. शेजारपाजार होता, बाजार होता, पोरंबाळं होती. भाषा अशी येते. जिथे जगायचं असतं तिथली येते.

मग आपण काय करायचं? इंग्रजी सोडून द्यायचं? मुळीच नाही. ज्यांची मुलं इंग्रजी शाळेत आहेत तेच व्यासपीठावरून सांगतात, इंग्रजीच्या मागे लागू नका! त्यांचं ऐकू नका. इंग्रजी पाहिजे. बँकेत पाहिजे, दवाखान्यात पाहिजे, बाटलीवरच्या लेबलावर पाहिजे. फक्त ते लाज वाटून शिकायचं नाही, गरज आहे म्हणून शिकायचं.

क्लास संपला. बरणीत तीनशे चाळीस रुपये जमले, वडापाव खाल्ले, सर्टिफिकेट मिळालं. ते कपाटात आहे. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दिवेलागणीनंतर आम्ही पाच-सहा जणी पडवीत बसतो. नियम एकच. प्रत्येकीने त्या आठवड्यात अडलेलं एक वाक्य आणायचं. मराठीतच सांगायचं. वहिनींचा मुलगा, नाहीतर कुणाची सून ते इंग्रजीत करून देते आणि ते दहा वेळा मोठ्याने म्हणायचं. एकीने आणलं, ‘हे बिल बरोबर नाही.’ एकीने आणलं, ‘डॉक्टर, पुन्हा सांगा, मला कळलं नाही.’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलंय. माझ्या मते कुठल्याही क्लासचा पहिला धडा हाच असायला हवा. ‘मला कळलं नाही’ हे न घाबरता म्हणता आलं, की अर्धं इंग्रजी आलं समजा. आणि पडवीत कुणी हसलं तर? दंड आहे. पाच रुपये नाही, सगळ्यांचा चहा तिने करायचा.

ती मुलगी मला मागच्या महिन्यात स्टँडवर भेटली. मीच जवळ गेले. म्हटलं, ‘‘बाय, त्या दिवशी मी हसले गो तुला. चुकलं माझं.’’ ती जरा गोंधळली. मग म्हणाली, ‘‘नाय काकू, काय नाय त्यात. आता मी मोबाइलवर शिकते. तिकडे कोण हसत नाय.’’

एस.टी. आली, ती चढून गेली. ती सहज बोलली होती. मला मात्र घरी येईपर्यंत ते पुरलं. चार माणसांच्या वर्गापेक्षा पोरीला यंत्र जवळचं वाटतं, कारण ते हसत नाही! तिला मी पडवीचं सांगितलंय. मंगळवारी वाट बघितली, आली नाही. हरकत नाही. शुक्रवार आहेच.